बटाट्याचं सॅलड सोडून काहीही

"काकू, आहात का बाहेर? त्या लेबर डेच्या पिकनिकच्या साइन-अप शीटवर मी नाव टाकून आले एकदाचं. पोटॅटो सॅलड."

"पुसून टाक."

"अहो, पण..."

"पुसून टाक म्हणते ना. आणि अशी इकडे ये, कुंपणाजवळ. मोठ्याने बोलण्यासारखं नाही हे. अगं, या गल्लीत बटाट्याच्या सॅलडवरून आधीच तीन घरांची तोंडं तीन दिशांना आहेत. त्यात तू चौथी कशाला?"

"बटाट्यावरून?"

"तर! त्या कोपऱ्यावरच्या कॅरोलायनाकर बाई. साऊथ कॅरोलायनाच्या. त्यांच्या सॅलडमध्ये उकडलेली अंडी, पिवळं मस्टर्ड, गोड लोणच्याचा चुरा आणि मेयोनेज ते ड्यूक्सचंच. दुसरं कुठलं घालणारीला त्या स्वयंपाक येतो असं धरतच नाहीत. त्या ड्यूक्सचा इतिहास मला आता तोंडपाठ झालाय. 1917 साली ग्रीनव्हिलला युजीनिया ड्यूक नावाच्या बाई जवळच्या लष्करी छावणीत सैनिकांना सँडविचं विकायच्या. पुढे लोकांना सँडविचपेक्षा आतलं मेयोनेजच हवंसं झालं, मग त्यांनी नुसत्या बाटल्याच विकायला काढल्या. आणि त्यात साखर नसते बरं का. हे 'साखर नसते' त्या अशा काही आवाजात सांगतात, की आपल्याला आपल्या फ्रिजमधल्या बाटलीची लाज वाटावी."

"आणि समोरचे आजी-आजोबा? ते किती गोड आहेत हो."

"ते गोड, सॅलड आंबट. सिनसिनाटीकडचे ना ते, जर्मन घराणं. बटाटे गरम आहेत तोवरच व्हिनेगर आणि बेकनची चरबी ओततात त्यावर. मेयोनेजचा थेंब नाही. त्यांच्या लेखी गार बटाटा म्हणजे कालचा उरलेला. तर कॅरोलायनाकर बाई एकदा त्यांच्या ट्रेपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, 'हाऊ इंटरेस्टिंग!' झालं! इथली बाई 'इंटरेस्टिंग' म्हणाली की समजायचं, तिच्या घशाखाली ते उतरायचं नाही. आजींना ते बरोब्बर कळलं. तेव्हापासून दोघी हसून हात हलवतात, पण बोलत नाहीत."

"आणि तिसरं घर कुठलं?"

"नाव कशाला घेऊ? ती दुकानातून आणते. प्लॅस्टिकच्या डब्यातून काढायचं, आपल्या काचेच्या भांड्यात ओतायचं, वरून पॅप्रिका भुरभुरायची. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आणि गंमत बघ, सगळ्यात आधी तिचंच भांडं रिकामं होतं."

"मग मी करू तरी काय? आपलं काही नेलं तर खातील न खातील, म्हणून म्हटलं काहीतरी अमेरिकन करावं."

"अमेरिकन म्हणून काही नसतंच गं. जो तो आपल्या गावचं आणतो आणि दुसऱ्याच्या गावचं एकेक चमचा वाढून घेऊन नावं ठेवतो. तू नीट बघ त्या टेबलाकडे. कोण कुठून आलंय ते विचारावं लागत नाही. ती डावीकडची मिनेसोटाकर. ती हॉटडिश आणणार. खाली बीफचा खिमा, मग फरसबी नाहीतर मका, त्यावर मश्रूम सूपचा अख्खा डबा, आणि वर ओळीने मांडलेले टेटर टॉट्स. त्याला चुकून कॅसरोल म्हणू नकोस, ती लगेच दुरुस्त करते. आम्ही आधी सेंट पॉलला होतो ना, मला पाठ आहे सगळं. तिथे डबल ग्लासच्या खिडकीलाही आतून बर्फ धरायचा. अशा थंडीत असलं काहीतरी ओव्हनमधून निघालं की बाकी काही सुचत नाही माणसाला. तिथली एक बाई माझ्यासाठी बिनखिम्याची करून आणायची, मग मी कोण नाक मुरडणार?"

"टेटर टॉट्स मला आवडतात."

"कुणाला नाही आवडत? पण ते आले कुठून सांग. ऑरेगन आणि आयडाहोच्या सीमेवर ग्रिग भावांचा फ्रेंच फ्राइजचा कारखाना होता. बटाटे कापताना जे बारके तुकडे उरायचे, ते गुरांपुढे जायचे. 1953 मध्ये भावांनी ठरवलं, गुरांना कशाला? पीठ-मसाला लावला, गोळ्या पाडल्या, तळल्या आणि विकल्या. आणि ते मश्रूम सूप कँपबेलचं, 1934 पासूनचं. तिकडे थट्टेने त्याला 'ल्युथरन बाइंडर' म्हणतात. चर्चच्या तळघरात पंगत असली की सगळे पदार्थ त्याच एका सुपाने मिळून आलेले असतात, म्हणून. हसू नकोस! अल फ्रँकन सिनेटर होता, तेव्हा त्याने वॉशिंग्टनमध्ये मिनेसोटाच्या खासदारांची हॉटडिशची स्पर्धा सुरू केली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही पक्षांचे लोक आपापला ट्रे घेऊन उभे."

"आणि ते बटाट्याचंच काहीतरी, वर कॉर्नफ्लेक्स? गेल्या वेळी खाल्लं मी. फार छान होतं."

"ते युटाकरांचं. नाव विचारलंस का तेव्हा?"

"नाही."

"बरं केलंस. फ्यूनरल पोटॅटोज."

"शी! काहीतरीच काय!"

"अगं, खरंच. मॉर्मन लोकांकडे कुणी गेलं की चर्चच्या बायका त्या घरचं जेवण बघतात. दफन झाल्यावर सगळे नातेवाईक जमतात, त्या जेवणात हे हमखास. किसलेला बटाटा, सावर क्रीम, चीज, सूप, वर लोण्यात घोळवलेल्या कॉर्नफ्लेक्सचा चुरा. एका वेळी पन्नास माणसं जेवतील असं, आणि आदल्या रात्री करून ठेवता येतं. 2002 मध्ये सॉल्ट लेकला हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा या बटाट्यांचा बिल्लासुद्धा निघाला होता, लोक हौसेने जमवायचे. दुसरा बिल्ला हिरव्या जेलोचा. जेलोचं तर तिथल्या विधिमंडळाने 2001 मध्ये ठराव करून राज्याचा अधिकृत खाऊ म्हणून नाव लावलं. पण त्या बटाट्यात बहुतेक वेळा क्रीम ऑफ चिकन सूप असतं. तुला काय, तू मालवणची. मला विचारूनच घ्यावं लागतं."

"मग तुम्ही विचारता कसं? मी एकदा 'व्हेजिटेरियन आहे का' विचारलं तर म्हणाल्या हो, हो, आणि माझ्या मैत्रिणीच्या घासात हॅम!"

"ते तसं विचारायचंच नसतं. त्यांच्या हिशेबी मांसाचा तुकडा मधोमध दिसत नाही, म्हणजे शाकाहारी. साऊथकडची फरसबी बघितलीस? डुकराचं हाड घालून दोन-दोन तास शिजवतात. हाड काढून घेतलं की झाली भाजी! कॉलर्ड ग्रीन्सचं तेच. बेक्ड बीन्समध्ये बेकन, मक्याच्या ब्रेडच्या तव्याला बेकनची चरबी. त्या बाईला विचारलं, तर म्हणे, 'ओह हनी, जस्ट अ लिटल, फॉर फ्लेवर.' चवीपुरतं! मीठ असावं तसं सांगते. त्यापेक्षा विचारायचं, पाणी कसलं घातलंय, फोडणीला काय आहे. मग खरं बाहेर येतं. आणि गोडात जिलेटिन. मार्शमेलोत जिलेटिन, जेलोत जिलेटिन. सेंट पॉलला पहिल्या वर्षी सॅलडच्या टेबलावर एक पांढरं फुगलेलं काही होतं, मी कोशिंबीर समजून ताटभर वाढून घेतलं. काय होतं माहितेय? सफरचंदाचे तुकडे, स्निकर्सची चॉकलेटं कापून, आणि त्यावर कूल व्हिप. त्याला म्हणे स्निकर्स सॅलड."

"सॅलड?"

"सॅलड. शेजारी दुसरं, त्यात पिस्त्याच्या पुडिंगची पावडर, अननस आणि मार्शमेलो. वॉटरगेट सॅलड. तिसऱ्यात चॉकलेटची बिस्किटं आणि संत्र्याच्या फोडी. हे सगळं जेवणाआधी, कोबीच्या शेजारी मांडलेलं! डेझर्टचं टेबल वेगळंच असतं, तिकडे त्यांचे केक. कॅलरी मोजणाऱ्या बायका केकवरून नजर फिरवतात आणि सॅलडच्या नावाखाली स्निकर्स खातात."

"काकू, तुम्ही फार बघता हो."

"बघणार नाही तर काय, पार्किंगमधल्या गाड्या मोजू? अगं, खरी करमणूक ट्रे रिकामे होण्यात आहे. ती मिशिगनवाली, पुढच्या वळणावरची, तिच्या ट्रेकडे कुणी फिरकलं नाही ना, की ती नवऱ्याला डोळ्यांनी खूण करते. तो बिचारा पुन्हा रांगेत. स्वतःच्याच बायकोचं, घरी आठवडाभर खाल्लेलं, परत वाढून घेतो आणि मोठ्याने म्हणतो, 'हू मेड धिस?' सगळ्या गल्लीला माहीत आहे कुणी केलंय ते."

"अय्या! आणि हाच माणूस बकाइज खात नाही ना?"

"नुसता खात नाही? त्या ताटलीकडे पाठ करून उभा राहतो. मिशिगनचा ना तो. इथे कोलंबसमध्ये राहायचं, पगार इथला घ्यायचा, आणि इथल्या टीमचं नावच बकाइज, म्हणून शनिवारच्या फुटबॉलपायी पीनट बटरच्या गोळीशी वैर धरायचं. अर्थात बकाइज तूही शिकून ठेव. इथे राहायचं तर त्याला पर्याय नाही. पीनट बटर, लोणी, पिठीसाखर मळून लहान गोळ्या करायच्या, फ्रिजमध्ये घट्ट करायच्या, टूथपिकला टोचून पातळ चॉकलेटमध्ये बुडवायच्या. पण पूर्ण नाही हं! वर एवढी टिकली उघडी ठेवायची, तरच ते बकायच्या बीसारखं दिसतं. बी मात्र विषारी, तरी बकायचं झाड हे या राज्याचं अधिकृत झाड. चॉकलेट गार व्हायला आलं की गोळी बुडवताना सुटते आणि आत बुडून बसते, म्हणून भांडं कोमट पाण्यावर ठेवायचं. टूथपिकचं भोक बोटाने हलकेच बुजवायचं. भोक दिसलं की आजी ओळखतात, नवीन आहे."

"आणि शेंगदाण्याची चिठ्ठी?"

"ती आधी. मोठ्या अक्षरात. इथल्या मुलांची ॲलर्जी म्हणजे थट्टा नाही."

"समोरच्या आजींचं ते दालचिनीवालं मटणासारखं काय असतं हो? वास येतो ना, तर मला एकदम आमच्या घरच्या मसाल्याची आठवण होते."

"सिनसिनाटी चिली. मटण नाही, बीफ. मी आपली वासावरच समाधान मानते. दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस, आणि ते सगळं स्पॅगेटीवर! चिली म्हणून टेक्साससारखी काही अपेक्षा केलीस तर फसशील. ते मूळचं मॅसेडोनियातून आलेल्या किराजिएफ भावांचं. 1922 साली एम्प्रेस नावाच्या नाटकगृहाच्या इमारतीत दुकान काढलं, म्हणून एम्प्रेस चिली. तिकडचा मसाला, इटलीच्या शेवया, वर पिवळं चेडर, आणि आता काय तर सिनसिनाटीची शान! मागायचं कसं, तर थ्री-वे, फोर-वे, फाइव्ह-वे. चीजपर्यंत थ्री, कांदा नाहीतर बीन्स घातले की फोर, दोन्ही घातले की फाइव्ह. आजोबा टेबलाशी उभे राहून प्रत्येकाला विचारतात. पेपर प्लेट वाकून शर्टावर सांडेपर्यंत."

"मला त्या कॅरोलायनाकर बाईंचं फ्रॉगमोर स्ट्यू खायचंय या वेळी. पण बेडूक..."

"बेडूक नाही गं त्यात! त्यांच्याकडच्या सेंट हेलेना बेटावर फ्रॉगमोर म्हणून वस्ती आहे, तिथलं नाव. तुला तर आवडेलच. मोठ्या हंड्यात पाणी उकळायचं, आधी लाल बटाटे, मग सॉसेज, मग मक्याची कणसं तोडून, आणि अगदी शेवटी कोळंबी. कोळंबी दोन-तीन मिनिटं, जास्त नाही. पाणी गाळून सगळं टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ओततात. ताट नाही, वाटी नाही. हाताने खायचं. हाताने खायला आपल्याला कोण शिकवणार? तिथे आपण पुढे असतो. मी कणसं उचलते, म्हणजे त्यांनी बाजूला उकडलेली असतात तीच. त्यावर ओल्ड बे भुरभुरायचं."

"ओल्ड बे तर मेरीलँडचं ना, खेकड्यांवरचं?"

"हो, बाल्टिमोरचं. त्याची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. गुस्ताव ब्रुन नावाचा ज्यू माणूस, जर्मनीत मसाल्याचा व्यापारी. नाझींनी बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकला होता. सुटला आणि बायकामुलांना घेऊन बाल्टिमोरला आला, बरोबर मसाला दळायचं छोटं यंत्र. तिथे माशांच्या बाजाराशेजारी दुकान टाकलं, आणि खेकडे उकडणाऱ्यांसाठी हा मसाला केला. आता मेरीलँडची माणसं तो कशावरही टाकतात."

"..."

"गप्प का झालीस? असू दे. तू न्यू मेक्सिकोत शिकलीस ना? तिथलं काही कसं सुचलं नाही तुला?"

"सुचलं होतं की! पण इथे हॅचच्या मिरच्या... काकू, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अल्बुकर्कीला दुकानांबाहेर ते जाळीचे पिंप फिरत असतात, खाली गॅसचा भडका. पोतंभर मिरच्या ओतल्या की सालं तडतडून उडतात, आणि सगळ्या पार्किंगमध्ये तो वास. लोक पोतंच्या पोतं भाजून नेतात, घरी सोलून फ्रीझ करतात वर्षभरासाठी. हॉटेलात काहीही मागितलं की पहिला प्रश्न, 'रेड ऑर ग्रीन?' तो तर राज्याचा अधिकृत प्रश्न आहे. दोन्ही हवं असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचं. आमच्या युनिव्हर्सिटीतल्या मैत्रिणीची आजी सांगायची, या मिरच्यांची जात तिथल्याच शेतकी कॉलेजातल्या फाबियान गार्सियाने लावली. 1913 मध्ये त्याने नंबर नाइन नावाचं वाण काढलं, सगळ्या मिरच्या सारख्या तिखट आणि सारख्या आकाराच्या निघाव्यात म्हणून. तो स्वतः मेक्सिकोत जन्मलेला, आजीबरोबर लहानपणी इकडे आला."

"बघ, सांगताना डोळे कसे चमकतात! मग तेच कर. इथे क्रोगरमध्येसुद्धा येतात त्या दिवसांत हॅचच्या मिरच्या. ग्रिलवर भाज, सोल, लसूण-मीठ घालून खलबत्त्यात ठेच. मक्याच्या ब्रेडबरोबर ठेव. फक्त शेंगदाण्याचं कूट नको, आणि पाटीवर 'हॉट' लिही. साधं 'हॉट' नाही, 'व्हेरी'. या लोकांना मिरी जास्त झाली तरी पाणी लागतं. आजोबांनी मागे माझी लसणाची चटणी चमचाभर खाल्ली होती, आजी आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हत्या."

"म्हणजे मेयोनेजचं काही करायलाच नको. उन्हात नासतं म्हणतात ना."

"सगळा दोष मेयोनेजच्या माथी मारतात. मी लॅबमध्ये नोकरी केलीय, माझं ऐक. बाटलीतल्या मेयोनेजमध्ये आम्ल असतं, ते तसं लवकर बिघडत नाही. बिघडतात ते उकडलेले बटाटे, अंडी, चिकन. गार हवा ते दोन तासांवर बाहेर ठेवायचं नाही, आणि पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर गेला तर एकच तास. ट्रे बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवायचा. त्या डेव्हिल्ड एग्जकडे तर दीड तासानंतर मी कुणाला जाऊ देत नाही, कुणी काही म्हणो. आणि भांड्याच्या बुडाला टेप लावून नाव लिही. इथल्या बायका मास्किंग टेप लावतात, आपण भांड्यावर नाव घालून आणायचो तसंच. मी एकदा माझा स्टीलचा डबा नेला होता, आईने कोरून दिलेलं नाव, लग्नाची तारीख, सगळं होतं त्यावर. पण देवनागरीत! कोण वाचणार? बऱ्याच दिवसांनी एका घरी सापडला. कुत्र्याची बिस्किटं ठेवली होती त्यात."

"काकू!"

"धुऊन घेतला, काय करणार. चांगला जाड डबा आहे. बरं, ती मिशिगनवाली फरसबीचं जे कॅसरोल आणते, ते बघ हं. 'माय ग्रॅंडमदर्स रेसिपी' म्हणते दरवर्षी. अगं, ती कृती कँपबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली नावाच्या बाईंनी 1955 मध्ये बसवली. फरसबी, मश्रूम सूप, तळलेला कांदा. डब्याच्या कागदावर छापली, देशभर गेली. त्यांचं ते हाताने लिहिलेलं कार्ड 2002 मध्ये इथेच आपल्या ॲक्रनला, शोध लावणाऱ्यांच्या संग्रहालयाला दिलं. आजीची म्हणे! आजीने डब्यामागचं वाचलंन्."

"काकू, एक विचारू? रागावू नका. दिवाळीला तुम्ही गुलाबजाम केले होतेत..."

"हो, मग?"

"ते बिस्क्विकचे होते ना?"

"...बिस्क्विकचे होते. कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या सुनेने. म्हणाली, 'आईंची खास रेसिपी आहे.'"

"अगं, आम्ही आलो तेव्हा खवा कुठे होता इथे? कार्नेशनची दूध पावडर आणि बिस्क्विकचा पिवळा डबा, बस्स. मंडळाच्या बायका एकमेकींना फोनवर सांगायच्या, किती कप, किती चमचे. बर्फी रिकोटा चीजची. श्रीखंड ग्रीक योगर्ट आणि सावर क्रीमचं, अजूनही तेच करते मी. पुण्याला जाऊन केलं, तर चक्क्याचं श्रीखंड माझ्या मुलालाच आवडलं नाही. म्हणाला, 'आई, तुझ्यासारखं नाही झालं.' आणि बिस्क्विक कुठलं माहीत आहे? मिनियापोलिसचं. म्हणजे त्या मिनेसोटाकर बाईंना मी नावं ठेवायला जागाच उरली नाही. तू हे काही त्यांना सांगू नकोस."

"मी कशाला सांगू! पण मग श्रीखंडही नेऊ का मी? मिरच्यांचं आजोबांना झेपणार नाही, त्यांना काहीतरी हवं ना."

"ने की! केशर-वेलदोडा सढळ हाताने. बर्फाचा ट्रे मी देते. फक्त चपट्या भांड्यात ठेवू नकोस, त्यांना ते डिप वाटतं. गेल्या साली कुणीतरी त्यात टॉर्टिया चिप्स बुडवून खाल्ले आणि मला येऊन सांगितलं की मीठ कमी आहे. छोट्या कपांत भर, वर पिस्त्याचे काप."

"आणि ठेवू डेझर्टच्या टेबलावर?"

"मुळीच नाही! तिथे केकच्या गर्दीत त्याला कोण विचारतंय? सॅलडच्या टेबलावर ठेव, स्निकर्सला खेटून. रांग तिथूनच सुरू होते, आणि तेव्हा ताटं रिकामी असतात."